सूत देणारे, सूत नासवणारे

ये गं, अशी जवळ ये. उंबऱ्यात उभं राहून बोलायची ही कसली सवय लागलीय तुला? मागच्या खेपेला आलीस तीही अशीच. चहा उभ्यानं प्यालीस, एक पाय चपलेत घातलास आणि मग मला विचारलंस, "आज्जी, माझ्या वर्गातल्या पोरांना प्राण्यांचे गट काही केल्या कळत नाहीत. बेडूक कशात, कोळी कशात, सगळा गोंधळ. काय करू गं?" मी तोंड उघडेपर्यंत तू गल्लीच्या टोकाला पोचलीस. प्रश्न विचारायचा आणि उत्तर यायच्या आत बस धरायची, असं तुझ्या वर्गातल्या पोरानं केलं तर बाकावर उभं करशील त्याला. म्हणून मी आता हे लिहूनच काढते. निदान वाचताना तरी बूड टेकून वाच.

शाळेचं तोंड न बघितलेली आज्जी मला काय शिकवणार, असं तुझ्या मनात येईल. येऊ दे. पण हाच धडा मी एकदा शिकवलाय, आणि चुकीचा शिकवलाय. माझ्या त्या शिकवण्यापायी एका पोरीची शाळा सुटायची वेळ आली होती.

लग्न होऊन वडगावात आले तेव्हा मी सोळाची असेन. माहेर सदलग्याचं, तिथंही मागच. त्यामुळं सासरी आले तरी कानाला काही फरक पडला नाही, इथंही तीच खटखट. विजेचे माग अजून आले नव्हते. पुढच्या सोप्यात दोन खड्डामाग होते. एकावर मामंजी बसायचे, एकावर हे. मागच्या खोलीत चुलीपलीकडं रहाट. रहाट फिरवत, मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरायचं, हे आम्हा बायकांचं काम. दोन माग चालायचे तर कांड्या भरायला चार हात लागायचे. त्यातले दोन माझे आणि दोन माझ्या नणंदेचे, तेसुद्धा शाळा सुटल्यावर. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चूल बघायच्या आणि ताण्याच्या उभ्या धाग्यांना खळ लावायच्या.

नणंद होती नऊ वर्षांची. परकर एका बाजूनं लोंबतोय, एका वेणीची रिबन सुटलीय, नाक वाहतंय. पण नणंद ती नणंद. तिला "वन्सं" म्हणायचं आणि "तुमी" म्हणायचं. "वन्सं, नाक पुसा," असं मी म्हणायची. हसू नकोस, तसंच होतं तेव्हा.

पाटी-दप्तर ठेवलं की ती रहाटाला यायची. हात कांडीवर आणि तोंडानं धडा. हाताला काम असलं तरी कान मोकळेच असतात की गं. तिचं पाठांतर ऐकून ऐकून मला कविता येऊ लागल्या, पाढे येऊ लागले. मग एक दिवस मी विचारलं, "वन्सं, क कसा काढत्यात?" खळीच्या परातीत तळाला पांढरा पापुद्रा वाळला होता, त्यावर तिनं नखानं काढून दाखवला. माझी पाटी म्हणजे ती परात. घासायच्या आधी अक्षर काढायचं आणि मग घासून टाकायचं. आत्याबाई बघायच्या आणि म्हणायच्या, "एकीला शाळंत घातली, आन् घरात दोघी बिघडल्या!" पण परात घासायला त्या घाई करायच्या नाहीत, हेही सांगितलं पाहिजे.

तिच्या चौथीच्या वर्षी मामंजींनी तिसरा माग घालायचं ठरवलं. तिसरा माग आला की कांड्या वाढणार, आणि शाळेतून आलेली पोर दोन तासांत भरून भरून किती भरणार? त्यांनी तिला जवळ बोलावून सांगितलं, "यंदा शाळा तपासायला येत्यात त्या डिप्टीसाहेबाच्या परीक्षेत पास झालीस तर पाचवीला जा. मी न्हाय म्हणणार न्हाय. न्हाय झालीस तर रहाटाला बस." माणूस वाईट नव्हता. बोलला तसं वागणारा होता, आणि तिला भीती होती ती त्याचीच.

मलाही होती. मी तेव्हा जोडाक्षरांपर्यंत आले होते. तिची शाळा सुटली की माझीही सुटणार, हे मला पक्कं कळत होतं.

त्यात आला प्राण्यांचा धडा. पुस्तकात नुसती नावांची रांग. हे या गटात, ते त्या गटात. पोरगी पाठ करायची आणि सकाळी विसरायची. एकदा रडकुंडीला आली तशी मी म्हटलं, "वन्सं, पाठ कशाला करता? आपण सूत लावतो तसं लावा की."

म्हणजे असं, की सुताच्या लडी घरात आल्या की आधी वेगळ्या लावाव्या लागायच्या. रेशीम एकीकडं, सूत एकीकडं, बारीक वेगळं, जाड वेगळं, रंगाप्रमाणं वेगळं. ते आम्हाला झोपेतसुद्धा जमलं असतं. मी रिकाम्या कांड्यांची टोपली पुढ्यात ओतली. एक कांडी म्हणजे एक प्राणी.

"मेंढी," ती म्हणाली.

"मेंढी काय करती? लोकर देती. सूत देणाऱ्यांत घाला."

"रेशमाचा किडा?"

"देणाऱ्यांत."

"कोळी?"

"तो तर बसल्या जागी सूत काढतोय. देणाऱ्यांत."

मग आला उंदीर. खळीच्या वासानं उंदीर ताणा कुरतडतो, झुरळंही खळ चाटून धागा कमजोर करतात, वाळवी तर मागाची लाकडंच खाते. हे झाले सूत नासवणारे. चिमणी घरट्यासाठी वाळत घातलेल्या लडीतले धागे ओढून न्यायची, तीही त्यांच्यातच गेली. शेजारणीच्या शेळीनं एकदा अख्खी लड चघळली होती, तिची कांडी तर वन्संनी जोरात आपटून त्या ढिगात टाकली. मांजर मात्र राखणारं.

"पाल?" तिनं विचारलं.

सोप्यातून मामंजींचा आवाज आला. माग थांबला होता, म्हणजे ते मघापासून ऐकत होते. "पालीला राखणाऱ्यांत घाल गं. काल तिनं माझ्या डोळ्यांदेखत झुरळ धरलं."

"आन् मोर, आप्पा? मोराचा सुताशी काय संबंध?"

"मोर लुगड्याच्या काठावर असतोय की! आन् हत्ती, आन् राघू. काठावरचे वेगळे लाव."

असे चार ढीग झाले. मासा आणि बेडूक तेवढे कशातच बसेनात. त्यांना आम्ही बाजूला ठेवलं, उरलेल्या सुतासारखं. पोरगी एका दमात सगळं म्हणून दाखवू लागली, एक नाव चुकायची नाही. मला काय वाटलं म्हणून सांगू! वाटलं, मी मास्तरीण झाले.

आठवड्यानं बाईंनी वर्गात हाच धडा विचारला. त्या शाळेत एकट्या बाई होत्या, कडक, पांढऱ्या लुगड्यातल्या. वन्संना उभं केलं. तिनं छाती काढून सुरुवात केली, "प्राण्यांचे चार गट. सूत देणारे, सूत नासवणारे..." पुढचं कुणी ऐकलंच नाही. वर्ग हसून हसून लोळला. बाईंनी विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

ती म्हणाली, "कुणी न्हाय. मीच केलं."

तिनं माझं नाव सांगितलं नाही, आणि दोन छड्या तिनं खाल्ल्या.

घरी येऊन ती मुकाट रहाटाला बसली. रहाट असा गरागरा फिरवत होती की धागा सारखा तुटत होता. हात लाल दिसला म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "रंगाचं सूत हुतं." कांडीवर सूत पांढरं होतं. मग हळूहळू सगळं निघालं. बाईंनी मामंजींना निरोपही धाडला होता, की पोरगी कच्ची आहे, अशी उत्तरं देणार असेल तर यंदा डिप्टीसाहेबांपुढं बसवायची नाही.

मामंजी जेवायला बसले होते. निरोप ऐकला आणि म्हणाले, "मग झालं तर. उद्यापासनं घरात."

पोरगी रडली नाही. भिंतीकडं तोंड करून बसली. ते मला रडण्यापेक्षा जास्त लागलं.

आता, सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायची तेव्हा रीत नव्हती. बोलायचं ते सासूला सांगायचं, सासरा तिथंच चार हातांवर बसलेला असला तरी. मी चुलीकडं बघत म्हटलं, "आत्याबाई, मामंजींना सांगा, चूक माझी हाय. तसं मीच शिकवलं वन्संना."

आत्याबाई वळल्या. "ती म्हणती, चूक तिची हाय."

"ऐकलं मी," मामंजी म्हणाले. "तिला इचार, मग आता काय करायचं म्हणती?"

"इचारत्यात, काय करायचं?"

"सांगा त्यांना, मी बाईंस्नी भेटून खरं शिकून येते. डिप्टीसाहेब यायला आठ दिवस हाईत. तवर वन्संना शाळंतनं काढू नका म्हणावं."

"ती म्हणती..."

"आगं कळलं!"

"कळलं तर मग माझ्याकडं काय बघता?" आत्याबाई उसळल्या. "मी काय धोटा हाय, हिकडनं तिकडं फेकायला? दोघं बोला की नीट एकमेकांशी!"

 मामंजी पाणी प्याले आणि पहिल्यांदाच, भिंतीकडं बघत का होईना, पण मला सरळ म्हणाले, "आठ दिवस. जाऊन ये."

दुसऱ्या दिवशी आत्याबाई आणि मी शेजारच्या खासबाग वस्तीत बाईंच्या खोलीवर गेलो. मी पदर डोक्यावरून पुढं ओढून उभी. काय झालं ते सांगितलं. मला वाटलं बाई ओरडतील, नाहीतर हसतील. त्यांनी चटई टाकली आणि म्हणाल्या, "बसा. ते चार ढीग पुन्हा एकदा नीट सांगा बघू." मी सांगितले. पाल राखणाऱ्यांत का, तेही सांगितलं.

बाईंनी चारही ढीग बोटांवर मोजले. मग म्हणाल्या, "तुम्ही प्रत्येक प्राण्याला विचारलंत, बाबा रे, तू आमच्या सुताचं काय करतोस? विणकराला ते विचारावंच लागतं, त्यात चूक नाही. पण शाळेत दुसरं विचारायचं असतं. तू स्वतः कसा आहेस? तुला हाडं आहेत का? पाय किती? अंडी घालतोस की पिलं पाजतोस? उत्तर प्राण्याच्या अंगावर असतं, आपल्या घरात नसतं."

आत्याबाई माझ्या मागं बसून ऐकत होत्या. त्यांना राहवेना. "म्हंजी बाई, उंदीर आन् मेंढी एकाच गटात?"

"हो. दोन्ही पिलांना दूध पाजतात."

मला वाटलं, आता भांडतील. उंदरावर त्यांचा किती राग, घरात उंदीर दिसला की झाडू घेऊन धावायच्या. पण त्या हळूच म्हणाल्या, "पाजत्यात. व्हय. मी बघितलंय. एकदा सुताच्या टोपलीत उंदरीण व्याली हुती. लाल लाल, बोटाच्या पेराएवढी पोरं, आन् ती आडवी पडून पाजत हुती. मला बघून पळाली न्हाय." मग माझ्याकडं बघून दटावलं, "तुज्या सासऱ्याला सांगू नगंस. अख्खी टोपली मी परसात नेऊन ठेवली, सुतासकट."

पोरगी असं बघून शिकली तर परीक्षेला बसवीन, असं बाईंनी कबूल केलं, आणि त्या दिवसापासून घरात सगळ्यांनाच नाद लागला. कांड्या पुन्हा ओतल्या, पण आता ढीग लावायच्या आधी प्राणी बघायचा. मांजर पिलं पाजते, शेळीही पाजते, शेळीची कांडी वन्संनी मुकाट उचलून मांजराशेजारी ठेवली. चिमणी मोराशेजारी गेली, दोघांना पिसं आहेत म्हणून. पाल अंडी घालते, ती चौकटीमागं सापडलीच. बेडूक आणि मासा, इतके दिवस बाजूला पडलेले बिचारे, त्यांनाही घर मिळालं. झुरळ वाटीखाली कोंडून पाय मोजले, सहा.

रेशमाचा किडा कुणी बघितला नव्हता. मामंजी मागावरून उठले, पेटीतून एक वाळका कोश काढून आणला. म्हैसूरकडच्या रेशीमवाल्यानं गंमत म्हणून दिला होता, कुणाला हात लावू देत नसत. त्यांनी स्वतः तो कात्रीनं कापला. आत तपकिरी, सुकलेलं, सुरकुतलेलं काहीतरी होतं. वन्संनी सुईच्या टोकानं पंखांची घडी दाखवली, पाय मोजले. "ह्या अंगाला तीन. त्या अंगाचे चुरल्यात. तीन दुणे सहा."

"म्हंजी झुरळाच्या गटात?" मामंजी म्हणाले.

"व्हय आप्पा."

ते कोशाकडं बघत राहिले. "सोवळ्याला नेसायचं रेशीम," ते म्हणाले, "आन् झुरळाचा भाऊबंद!" आणि इतके हसले की ठसका लागला.

अडलं ते कोळ्यापाशी. मागाच्या वरच्या कोपऱ्यात एक होता. आत्याबाईंनी त्या आठवड्यात ते जाळं झाडलं नाही, परीक्षा होईपर्यंत त्याला सूट दिली होती. वन्सं मागाच्या लाकडावर चढून मोजायच्या, उतरायच्या, पुन्हा चढायच्या. "वैनी, आठ हाईत."

पुस्तकात मात्र कोळी झुरळ-मुंगीच्या रांगेत लिहिलेला होता, सहा पायांच्या कीटकांत.

मी मोजले. आठच होते. यांनीही मोजले.

परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. बाईंना विचारायला वेळ नव्हता. ती माझ्याकडं बघत होती. "वैनी, बाई म्हणाल्या ना, उत्तर प्राण्याच्या अंगावर असतंय. मग साहेबानं इचारलं तर काय सांगू? अंगावरचं का पुस्तकातलं?"

पोरी, तू मास्तरीण आहेस, तू काय सांगितलं असतंस मला माहीत नाही. माझ्या डोळ्यांपुढं तिसरा माग होता. भिंतीकडं तोंड करून बसलेली ती होती. मी म्हटलं, "वन्सं, पुस्तकातलं सांगा. आधी पास व्हा."

डिप्टीसाहेब आले, टोपी काढून टेबलावर ठेवली, आणि नेमका कोळीच विचारला की गं! तिनं सांगितलं, "कीटक. सहा पाय." साहेबांनी मान डोलावली. पास.

घरी आली तेव्हा आत्याबाईंनी गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला. मामंजी मागावरून उतरले नाहीत, पण म्हणाले, "पाचवीचं पुस्तक कवा आणायचं ते सांग." मी तिला पोटाशी धरली. ती माझ्या कानात म्हणाली, "वैनी, मी खोटं सांगितलं." आणि तेव्हा रडली. छडी खाल्ल्यावर नाही, शाळा सुटते म्हटल्यावर नाही, पास झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी तिनं जाऊन बाईंना सांगितलं. बाईंनी तिला शाळेच्या खिडकीपाशी नेलं, दोघींनी मिळून एक कोळी शोधला, मोजला. मग बाईंनी स्वतःच्या पुस्तकात त्या ओळीशेजारी शिसपेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते तिला दाखवलं नाही. पण पुढच्या वर्षीपासून त्या शाळेत कोळी वेगळा शिकवायला लागले, हे मला गल्लीतल्या पोरींकडून कळलं.

वन्सं पाचवी शिकल्या, सहावी शिकल्या. मग निपाणीला लग्न झालं. मला आयुष्यात पहिलं पत्र आलं ते तिचं. ते मी कुणाच्या मदतीशिवाय वाचलं, चुलीपुढं बसून, जोडाक्षरांसकट. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, इथं आली की पेपर मी वाचून दाखवते. गेल्या आठवड्यात ती इथं आलीय राहायला. अजूनही मी तिला "वन्सं, तुमी" म्हणते, आणि अजूनही आमचं भांडण मिटलेलं नाही.

ती म्हणते, "वैनी, आठ म्हणायला पायजे हुतं. साहेब काय खाऊन टाकणार हुता?" मी म्हणते, "तुमी नापास झाला असता तर निपाणीहून पत्र कुणी लिहिलं असतं?" ती म्हणते, "लिहिलं नसतं. पण खरं बोलले असते." मग चहा घेतो आणि पुन्हा सुरू करतो. आमच्यात कुणाचं बरोबर, ते आम्हाला ठरवता येत नाही. पोरांना शिकवायचं काम तुझं आहे, तूच येऊन निकाल लाव. ती पुनवेला परत निपाणीला जायची म्हणते. त्याच्या आत ये गं, आणि या खेपेला दोन दिवस रजा काढूनच ये.